दिनविशेष : २७ जून
खंडू रांगणेकर यांचा जन्म (१९१७)

डावखुरे फलंदाज आणि अव्वल क्षेत्ररक्षक खंडू रांगणेकर यांचा जन्म २७ जून १९१७ रोजी मुंबईत झाला. रणजी करंडकात ते महाराष्ट्र, मुंबई आणि होळकर अशा तीन संघांकडून खेळले. महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीतील पदार्पणातच त्यांनी शतक ठोकले. कव्हरमध्ये किंवा सीमारेषेजवळ धावत येऊन चेंडू उचलायचा आणि त्याच झपाट्यात यष्टीकडे फेकायचा, ही त्यांची खासियत. त्या काळी फलंदाज क्षेत्ररक्षणाकडे सहसा लक्ष देत नसत, म्हणून तिचे मोल अधिक.

कसोटीत मात्र नशीब रुसले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पावसाने भिजलेल्या ब्रिस्बेनच्या खेळपट्टीवर भारताचा पहिला डाव ५८ धावांत आटोपला. रांगणेकरांना ३ कसोटींत ३३ धावाच जमल्या. एवढ्यावरून त्यांना तोलणे अन्यायाचे ठरेल. प्रथम श्रेणीत त्यांनी ४१ हून अधिक सरासरीने साडेचार हजारांवर धावा केल्या.

११ ऑक्टोबर १९८४ रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले. ठाण्यातील बॅडमिंटन हॉलला त्यांचे नाव आहे.