सीमापार दंतोपचार

स्वदेशातील दंतवैद्याचा खर्च आवाक्याबाहेर गेल्यामुळे, आणि दुखणे मात्र अंगावर काढण्याजोगे न उरल्यामुळे, शेजारच्या अथवा दूरच्या स्वस्त देशात जाऊन दाढ काढणे, कवळी बसविणे, रूट कॅनाल, कॅप, ब्रिज किंवा इम्प्लांट करवून घेणे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला प्रघात होय. समुद्रकिनारा, जुने राजवाडे, उष्णजलाची स्नानगृहे इत्यादींची जोड जाहिरातदार त्यास देतात; तथापि या प्रवाशांपैकी बहुतेकांना घराबाहेर काढणारी गोष्ट दवाखान्याचे बिल हीच असते.

या प्रघाताचे मूळ कायद्यात शोधावे लागते. ज्या राज्यसंस्थांनी शरीराच्या इतर अवयवांस आपल्या छत्राखाली घेतले, त्यांनीच दातांस उंबऱ्याबाहेर ठेवले. अमेरिकेत ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने मेडिकेअरचा कायदा झाला आणि पासष्टीच्या पुढील नागरिकांच्या वैद्यकीय खर्चाची मोठी तजवीज झाली. परंतु नेहमीचे दंतोपचार व कवळ्या त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आल्या, म्हणजे ज्या वयात दात जातात नेमक्या त्याच वयाच्या माणसांस दातांपुरते वाऱ्यावर सोडण्यात आले. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा मोफत सुरू होताच कवळ्यांची मागणी अशी उसळली, की १९५१ साली कवळ्या व चष्मे यांवर शुल्क बसविण्याचा निर्णय झाला आणि त्या वादात या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अमेरिकेतील खासगी दंतविम्याची वार्षिक मर्यादा कित्येक दशके हजार-दीड हजार डॉलरच्या घरात गोठलेली आहे, आणि कॅपसह एका इम्प्लांटला तेथे तीन ते पाच हजार डॉलर पडतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सीमेकडे लोटणाऱ्या गर्दीचा निराळा खुलासा करावा लागत नाही.

त्या गर्दीचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे लोस आल्गोदोनेस. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कोलोरॅडो नदीलगत वसलेले हे काही हजार वस्तीचे गाव असून, सीमेवरील नाक्यापासून पायी फिरता येईल एवढ्या चार-सहा गल्ल्यांत तेथे शेकडो दंतवैद्य व्यवसाय करतात. म्हणून अमेरिकन लोक त्यास ‘मोलर सिटी’ म्हणतात. पलीकडे कॅलिफोर्नियातील अँड्रेड हा नाका आणि थोड्याच मैलांवर ॲरिझोनातील युमा शहर. हिवाळा सुरू झाला की कॅनडातून व अमेरिकेच्या उत्तरेकडील थंड राज्यांतून निवृत्त मंडळी आपली फिरती घरे घेऊन युमाच्या उन्हात मुक्कामास येतात, आणि नोव्हेंबर ते मार्च हाच दंतवैद्यांचा सुगीचा काळ ठरतो. क्वेचान या आदिवासी जमातीच्या जमिनीवरील वाहनतळावर पैसे भरून मोटार ठेवावी, पायी सीमा ओलांडावी, समोर येणाऱ्या दलालांस चुकवीत ठरलेला दवाखाना गाठावा, क्ष-किरण छायाचित्र काढून घ्यावे, आणि गावातल्याच प्रयोगशाळेत कॅप तयार होईपर्यंत शेजारी चष्म्याचा नंबर तपासून औषधांची खरेदी उरकावी, असा तेथील दिनक्रम आहे. परतीच्या रांगेत मात्र, बधिर झालेला गाल धरून, तास-दोन तास उभे राहावे लागते; नाका रात्री दहा वाजता बंद होतो, हे न विसरलेले बरे.

युरोपात हेच कार्य हंगेरीने केले. १९८९ साली ऑस्ट्रियाच्या सीमेवरील काटेरी तारा निघाल्या, आणि शोप्रोन व मोशोनमाग्यारोवार या सीमेनजीकच्या गावांत व्हिएन्नाकडील रुग्णांची रीघ लागली. पुढे २००४ साली हंगेरी युरोपीय संघात आली, स्वस्त विमानसेवा सुरू झाल्या, आणि ब्रिटिश व आयरिश रुग्ण बुडापेस्टला जाऊ लागले. संघाने २०११ साली काढलेल्या निर्देशानुसार एका सदस्य देशाच्या नागरिकास दुसऱ्या देशात उपचार घेऊन, स्वदेशी जेवढा खर्च सरकारने सोसला असता तेवढ्याची भरपाई मागता येते. ब्रिटनमधून जाणाऱ्यांचा हा हक्क संघत्यागानंतर २०२० अखेर संपुष्टात आला.

स्वस्ताई म्हणजे निकृष्टपणा असा समज पसरविण्यात स्वदेशातील दंतवैद्यांचा हितसंबंध आहे, आणि तो समज सरसकट खरा नाही. अमेरिकेत कर्ज काढून शिकलेला दंतवैद्य सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास ऋण डोक्यावर घेऊन बाहेर पडतो. मेक्सिकोच्या सरकारी विद्यापीठात शिकलेल्यावर तो बोजा नसतो. मदतनिसांचे पगार, जागेचे भाडे आणि दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या विम्याचे हप्ते हेही तेथे बरेच कमी, त्यामुळे इम्प्लांटचा स्क्रू त्याच नामांकित कारखान्याचा असूनही बिल निम्म्याहून कमी होते.

खरी अडचण काळाची आहे. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसविले, ते हाड या धातूशी एकजीव होते या शोधाच्या बळावर. पण ही एकजीवता साधण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात, आणि परतीचे तिकीट आठवड्याचे असते. दोन फेऱ्यांची तयारी असेल तर ठीक. एका फेरीत सारे उरकण्याच्या आग्रहातून पुढची दुखणी उद्भवतात. तुर्कस्तानात जाऊन निरोगी दात कानशीने घासल्यागत झिजवून त्यांवर शुभ्र कॅपांची रांग चढविण्याची जी टूम तरुण ब्रिटिशांत निघाली आहे, तिची गणना उपचारात करणे कठीण आहे. दंतवल्क एकदा गेले की पुन्हा येत नाही, आणि त्या कॅप आयुष्यात अनेकदा बदलाव्या लागतात. बिघाड झाल्यास दाद परक्या देशाच्या न्यायालयात मागावी लागते, हा विचार दर ठरविताना सहसा कोणी करीत नाही.

भारताकडेही हा ओघ आहे. गोव्यात हिवाळी मुक्कामास येणारे युरोपीय पाहुणे तेथे दात करवून घेतात. आणि अमेरिका-इंग्लंडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुट्टीत पुण्या-मुंबईस आली की आईवडिलांच्या भेटीइतकीच नेमाने जुन्या दंतवैद्याचीही भेट घेतात. प्रवासखर्च तसाही व्हायचाच असल्याने त्यांचा हिशेब सर्वांत फायद्याचा.

जाणाऱ्याने दवाखान्याच्या भिंतीवरील प्रमाणपत्रांवर विसंबू नये. मेक्सिकोत प्रत्येक दंतवैद्यास सरकारी सनदेचा क्रमांक असतो व तो सार्वजनिक नोंदवहीत पडताळता येतो. उपचारानंतर क्ष-किरण छायाचित्रे, वापरलेल्या साहित्याची यादी आणि इम्प्लांटची बनावट व क्रमांक लेखी मागून घ्यावा. कारण निरनिराळ्या कारखान्यांचे स्क्रू व त्यांची हत्यारे परस्परांस चालत नाहीत, आणि हा कागद हाती नसेल तर घरच्या दंतवैद्यास सैल झालेला साधा स्क्रू आवळणेही कठीण जाते.