कवटीची साक्ष

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या डिझाइन विभागात मी २७ वर्षं मेशिंग केलं. गाडीचा एखादा ब्रॅकेट घ्यायचा, संगणकात त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, त्यांना पोलादाचे गुणधर्म द्यायचे, बोल्ट कुठे आहेत ते सांगायचं, भार लावायचा आणि रन लावून घरी जायचं. सकाळी पडद्यावर सगळं निळं दिसलं की जीव भांड्यात पडे. लाल डाग दिसला की तडा तिथूनच जाणार, हे कळे. याच पद्धतीने नामशेष प्राण्यांच्या कवट्याही तपासतात, हे वाचलं त्या दिवसापासून या विषयाने मला धरून ठेवलं आहे.

हाडं आणि अभियांत्रिकी यांची ओळख तशी जुनी. १८६६च्या सुमारास झुरिकमध्ये शरीररचनातज्ज्ञ हर्मान फॉन मेयर मांडीच्या हाडातली आतली जाळी दाखवत होते. ती पाहून कार्ल कुलमान या अभियंत्याच्या लक्षात आलं की, या रेषा क्रेनमधल्या ताणाच्या रेषांसारख्याच आहेत. पण तो ताण आकड्यांत मोजायला पुढे ९० वर्षं जावी लागली. १९५६मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या पंखांसाठी तुकडे पाडून गणित करण्याची पद्धत मांडली. क्लफ यांनी १९६०मध्ये तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिलं. सत्तरच्या दशकात ती माणसाच्या हाडांपर्यंत पोचली. २००१मध्ये एमिली रेफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ॲलोसॉरस या डायनासोरची अख्खी कवटी अशी तपासली. जबड्याचे स्नायू जेवढा चावा घेऊ शकत होते, त्याच्या कित्येक पट भार ती कवटी पेलू शकत होती. नुसत्या चावण्यासाठी एवढी मजबुती कशाला? तो वरचा जबडा भक्ष्यावर हाणून मांस ओरबाडत असावा, असं त्यांनी सुचवलं.

कवटीचं मॉडेल ब्रॅकेटपेक्षा फार अवघड. आधी सीटी स्कॅन. मग एकेका कापात हाड कुठलं आणि पोकळीत भरलेला दगड कुठला, हे हाताने वेगळं करायचं. नंतर स्नायू. ते जीवाश्मात उरत नाहीत. हाडावरच्या खुणा पाहायच्या, जिवंत नातेवाईक पाहायचे (डायनासोरसाठी मगरी आणि पक्षी) आणि स्नायूंचा जोर ठरवायचा. खरी मेख इथे आहे. भार चुकला तर रंग कितीही सुंदर आले तरी उत्तर चुकीचंच. म्हणून जाणकार एकट्या कवटीच्या आकड्यावर विसंबत नाहीत. दोन-तीन कवट्यांना एकच नियम लावतात आणि तुलना करतात. शिवाय माकडासारख्या प्राण्यांच्या हाडावर ताण मोजणारे स्ट्रेन गेज चिकटवून मॉडेल पडताळून पाहतात. मीही ब्रॅकेट घासून, पुसून, श्वास रोखून नखाएवढे गेज चिकटवले आहेत. त्या पडताळणीशिवाय आमच्याकडे एकही नकाशा पुढे जात नसे.

या सगळ्या कामातली एक कवटी मला विसरता येत नाही. ती आहे थायलसिनची, म्हणजे टास्मानियन वाघाची. कुत्र्यासारखा दिसणारा, पाठीवर पट्टे असलेला हा पिशवीधारी शिकारी. तो मेंढ्या मारतो म्हणून १८३०मध्ये टास्मानिया बेटावरच्या एका कंपनीने त्याच्यावर इनाम लावलं. १८८६मध्ये टास्मानियाच्या विधानसभेत सरकारी इनामाचा ठराव १२ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. १८८८ ते १९०९ या काळात मोठ्या प्राण्यामागे एक पौंड आणि पिल्लामागे दहा शिलिंग या दराने २,१८४ इनामं दिली गेली.

२०११मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारी अटर्ड आणि सहकाऱ्यांनी थायलसिनची कवटी पडद्यावर आणली. शेजारी त्याचे दोन जिवंत नातेवाईक ठेवले: टास्मानियन डेव्हिल आणि ठिपक्यांचा क्वोल. तिघांनाही चाव्याचा भार दिला, धडपडणाऱ्या भक्ष्याचे हिसके दिले. थायलसिनच्या हाडात त्या दोघांपेक्षा जास्त ताण आला. झटापट करणारं मोठं जनावर धरून ठेवणारा हा जबडा नव्हता. पॉसमसारखी लहान शिकार त्याला झेपणारी होती, मोठी मेंढी नव्हे, असा निष्कर्ष निघाला. २०२०मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने त्याचं सरासरी वजन सुमारे १७ किलो काढलं. आधी ते जवळपास ३० किलो धरत.

मॉडेल म्हणजे न्यायालय नव्हे, हे मी जाणते. एखाद्या थायलसिनने कधी कोकरू उचललंच नसेल, असं कोणतंही गणित सांगू शकत नाही. पण मेंढ्या मोकाट कुत्र्यांनीही मारल्या, चोरांनीही नेल्या. आळ मात्र या एका प्राण्यावर घेतला गेला. मतं देणाऱ्या त्या १२ जणांकडे संगणक नव्हता, हे खरं. पण पाहायला जिवंत प्राणी होता. आम्हाला नोकरीत पहिल्या दिवशी शिकवलं होतं: भार कुठून येतो ते आधी शोध, मग तुटलेल्या भागाला दोष दे. त्या बेटावर हा शोध कुणी घेतला नाही.

१० जुलै १९३६ रोजी थायलसिनला कायद्याचं संरक्षण मिळालं. माणसाच्या ताब्यातला शेवटचा थायलसिन त्यानंतर ५९ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.