पर्यावरणीय रचनेत पीएचडी करायचीय? प्रवेशापासून पदवीपर्यंतचे नियम समजून घ्या

राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा हे कालव्यांच्या पट्ट्यातलं गाव. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. कालव्याच्या पाण्याने या भागात ऊस आला, साखर कारखाने आले. जिथे पाणी जास्त झालं आणि निचरा कमी पडला, तिथे जमिनी खारवटल्याही. पाणी, जमीन, घरं आणि रस्ते यांची आखणी निसर्गाला धरून कशी करायची, हा प्रश्न इथे पुस्तकातला नाही, रोजचा आहे. याच प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या विषयाला पर्यावरणीय रचना म्हणतात.

या विषयात पीएचडी करायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "किती टक्के लागतात?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. पण पीएचडी अडते ती टक्क्यांवर नाही. ती अडते गाईडकडे जागा नसल्यामुळे किंवा मुदत संपल्यामुळे. त्यामुळे फॉर्म भरण्याआधीच सगळे नियम माहीत असलेले बरे.

हा विषय नेमका कुठे शिकता येतो?

हा विषय वेगवेगळ्या विद्याशाखांमध्ये विभागलेला आहे. मूळ पदवी कोणती, यावर वाट ठरते.

कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वात जवळचं ठिकाण तालुक्यातच आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीला आहे. तिथल्या डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयात मृदा व जलसंधारण, तसेच सिंचन व निचरा या अभियांत्रिकी विषयांत पीएचडी करता येते. पाणलोट, निचरा, क्षारपड जमीन हे विषय इथे मोडतात.

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना पुण्याचा पर्याय आहे. अहिल्यानगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पुण्यातल्या डॉ. भानुबेन नानावटी वास्तुकला महिला महाविद्यालयात पर्यावरणीय वास्तुरचनेत एम.आर्क. आहे आणि या विद्यापीठाचं पीएचडी संशोधन केंद्रही आहे. याशिवाय नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये आर्किटेक्चर व नियोजन विभाग आहे. आयआयटी मुंबईत डिझाइनसाठी आयडीसी आणि पर्यावरण अभियांत्रिकीसाठी स्वतंत्र विभाग आहे.

नियम कोणाचे लागतात?

पुणे विद्यापीठासारख्या विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे नियम लागू आहेत. सध्याची नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाली. आयआयटी आणि एनआयटी स्वतःचे नियम ठरवतात. कृषी विद्यापीठांचा अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या चौकटीत चालतो. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे प्रवेश पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होतात.

पात्रता काय?

यूजीसीच्या नियमांनुसार पीएचडीसाठी दोन मुख्य मार्ग आहेत.

- पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण.
- पदव्युत्तर पदवी नसेल, तर चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण.

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या उमेदवारांना दोन्हींत ५ टक्क्यांची सवलत मिळते. कृषी विद्यापीठात मात्र संबंधित विषयाची पदव्युत्तर पदवी लागते.

नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र आणावं लागतं. अभ्यासासाठी वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, असं त्यात नमूद असावं लागतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देण्यास यूजीसीची परवानगी नाही. "घरबसल्या पीएचडी" अशी जाहिरात दिसली तर हे लक्षात ठेवावं.

प्रवेश परीक्षा आणि मुलाखत

विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल, तर तिच्यात ५० टक्के प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि ५० टक्के विषयावर असतात. मुलाखतीला जाण्यासाठी परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात. आरक्षित गटांना इथेही ५ टक्के सवलत आहे. अंतिम यादीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं.

२०२४-२५ पासून नेटच्या गुणांवरही पीएचडीचा प्रवेश देता येतो. जेआरएफ नसलेल्यांसाठी हे गुण एक वर्ष ग्राह्य असतात. आर्किटेक्चर आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी गेट, तर डिझाइनसाठी सीड ही परीक्षा उपयोगी पडते. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, सीडचा एक वर्ष. कोणतं विद्यापीठ कोणती परीक्षा धरतं, हे त्या वर्षीच्या सूचनेत पाहावं.

गाईड मिळणं हीच खरी परीक्षा

परीक्षेत चांगले गुण मिळाले तरी गाईडकडे जागा हवी. एका वेळी प्राध्यापकाला जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

पर्यावरणीय रचनेसारख्या विषयात ही मर्यादा जास्त जाणवते, कारण प्रत्येक गाईडचं क्षेत्र वेगळं असतं. खारवटलेल्या जमिनीवर काम करणारा गाईड पत्र्याच्या घरातल्या उष्णतेच्या संशोधनाला उपयोगी पडेलच असं नाही. म्हणून आधी गाईडचे शोधनिबंध वाचावेत, जागा आहे का ते विचारावं, मग विषय पक्का करावा. मुलाखतीत विचारलं जातं तेही हेच: विषय संशोधनाचा आहे का आणि तो या संस्थेत होऊ शकतो का.

कोर्सवर्क किती?

यूजीसीच्या नियमांत कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन व प्रकाशनाच्या नैतिकतेचा विषय सक्तीचा आहे. कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के मिळाले तरच पुढचं संशोधन सुरू ठेवता येतं.

कृषी विद्यापीठातली रचना वेगळी आहे. तिथे पीएचडी एकूण १०० क्रेडिटची असते. त्यातले ७५ संशोधनाचे आणि उरलेले २५ अभ्यासक्रम व सेमिनारचे. शिवाय लेखी आणि तोंडी पात्रता परीक्षा द्यावी लागते.

घड्याळ कधी सुरू होतं?

प्रवेशाच्या तारखेपासून. यूजीसीच्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात आणि ६ वर्षांत ती पूर्ण व्हावी लागते. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यावर आणखी २ वर्षं देता येतात. कमाल मर्यादा १० वर्षांची.

समजा एखादीने जुलै २०२५ मध्ये प्रवेश घेतला. तिची मूळ मुदत जुलै २०३१ ला संपते. पुनर्नोंदणी झाली तर जुलै २०३३ आणि महिलांची सवलत धरून जुलै २०३५. याशिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदलावं लागलं, तर महिला विद्यार्थ्याला संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं. मात्र ते काम मूळ संस्थेने किंवा गाईडने मिळवलेल्या निधीच्या प्रकल्पाचा भाग नसावं. आधीच्या कामाचं श्रेय मूळ गाईडला आणि संस्थेला द्यावं लागतं. अनेकींची पीएचडी या टप्प्यावर सुटते, म्हणून ही तरतूद माहीत असायला हवी.

खर्चाचं काय?

नेटमधून जेआरएफ मिळालेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये असा दर लागू आहे. घरभाडं वेगळं. राज्यात सारथी, बार्टी, महाज्योती आणि टीआरटीआय या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात.

इथे एक हिशेब अनेकांच्या लक्षात येत नाही. जेआरएफ जास्तीत जास्त ५ वर्षं मिळते, पीएचडीची मुदत मात्र ६ वर्षांची आहे. सहावं वर्ष लागलं तर ते स्वतःच्या खर्चाने काढावं लागतं. पर्यावरणाच्या अभ्यासात एक उन्हाळा किंवा एक पावसाळा हुकला, तर त्या नोंदींसाठी वर्षभर थांबावं लागतं. त्यामुळे मोजणीचं वेळापत्रक पहिल्या वर्षीच आखणं फायद्याचं ठरतं.

पदवी हातात येईपर्यंत

कोर्सवर्कनंतर विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. प्रबंध देण्याआधी खुलं सादरीकरण होतं. मग सॉफ्टवेअरने साम्य तपासलं जातं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते.

प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. त्यांचे अहवाल अनुकूल असतील तर तोंडी परीक्षा होते. एका परीक्षकाने नाकारल्यास प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे जातो. ही सगळी प्रक्रिया प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असा नियम आहे. शेवटी प्रबंधाची प्रत इन्फ्लिबनेटकडे जाते.

शोधनिबंध छापण्याची २०१६ च्या नियमांतली सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली. तरीही विद्यापीठ स्वतःच्या नियमांत ती अट ठेवू शकतं.

फॉर्म भरण्याआधी चार प्रश्न

- आपल्या मूळ पदवीला कोणती विद्याशाखा चालते?
- त्या शाखेत आपल्या विषयाचा गाईड आहे का आणि त्याच्याकडे जागा आहे का?
- फेलोशिप संपेपर्यंत काम होईल, असं वेळापत्रक बसतं का?
- नोकरी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र मिळेल का?

या चारही प्रश्नांची उत्तरं प्रवेशाआधीच मिळवता येतात. प्रवेशानंतर ती शोधायला लागलं, तर खर्च होतो तो सहा वर्षांतला वेळ.