इव्हेतचे काळे हातमोजे

१८९३ साली पॅरिसच्या 'दिवाँ जापोने' या गाण्याच्या कॅफेसाठी चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं एक पोस्टर काढलं. पुढ्यात काळ्या पोशाखातली नर्तकी जान आव्रील प्रेक्षक म्हणून बसलेली. मागे मंचावर गाणारी बाई, पण तिचं डोकंच चित्राच्या वरच्या कडेनं छाटलेलं. चेहरा नसला तरी ती कोण हे पॅरिसला विचारावं लागलं नाही. कोपराच्याही वर चढलेले ते काळे हातमोजे इव्हेत गिल्बेरचेच.

१८६५ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेली ही मुलगी गरिबीत वाढली. शिवणकाम केलं, दुकानात कपडे घालून दाखवायची नोकरी केली, मग मंचावर आली. काळे हातमोजे स्वस्त पडत म्हणून तिनं घेतले, असं नेहमी सांगितलं जातं. मला ते पटतं. पांढऱ्या हातमोज्यावर एका रात्रीत मळ दिसतो, आणि सुई चालवलेल्या बाईला हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही.

पण काटकसरीतून आलेली ही वस्तू तिच्या कलेला नेमकी लागू पडली. इव्हेत अर्धं गायची, अर्धं बोलायची. मंचावर नाचणं-धावणं नाही. साधा फिका झगा, लाल केस, किडकिडीत बांधा. त्यावर ते दोन लांब काळे हात. मागच्या रांगेतल्यालाही बोटाची हालचाल कळावी.

१८९४ मध्ये लोत्रेकनं तिच्यावर चित्रांचा अल्बम काढला. शंभर प्रती, हिरव्या शाईत. मुखपृष्ठावर बाई नाहीच, नुसते पडलेले हातमोजे! मला एवढी कुरूप काढू नका, अशी तिनं त्याला विनवणी केली होती; तरी प्रत्येक प्रतीवर सही मात्र केली.

पुढे ती जुन्या, मध्ययुगीन फ्रेंच गाण्यांकडे वळली. १९२६ मध्ये दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'फाउस्ट' या मूकपटात तिनं मार्थाची भूमिका केली. गाण्यानं नाव कमावलेली बाई आणि चित्रपट मुका! तिकडे व्हिएन्नात मनोविश्लेषक फ्रॉइडनं तर तिचा फोटो आपल्या खोलीत लावला होता.

१९४४ मध्ये ती एक्स-आँ-प्रोव्हाँसला वारली. लोत्रेकनं १८९४ मध्ये तिच्या पोस्टरसाठी केलेलं, तिनं नाकारलेलं चित्र आज आल्बीच्या संग्रहालयात आहे. हातमोजे त्यातही काळेच.