कर्सर : संच आणि ओळ

‘कर्सर’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की पडद्यावर लुकलुकणारी उभी रेघ, यापलीकडे त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ धावणारा, जासूद. पुढे अभियंत्यांच्या स्लाइड रूलवर मागेपुढे सरकणाऱ्या पारदर्शक काचेलाही कर्सरच म्हणू लागले. डेटाबेसच्या शास्त्रात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि त्या अर्थाचा इतिहास वाचनाच्या इतिहासाशी जोडलेला आहे असे आम्हांस वाटते. आम्ही भाषेचे अध्यापक. या विषयात शिरण्याचे आमचे कारण एवढेच.

१९७० पूर्वीच्या डेटाबेसमध्ये नोंदी एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असत. हवी ती नोंद गाठायची तर कोणत्या कडीवरून कोणत्या कडीवर जायचे, हे प्रोग्रॅमरला ठाऊक असावे लागे. चार्ल्स बाखमन यांनी १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात प्रोग्रॅमरला ‘नॅव्हिगेटर’ म्हटले, ते याच अर्थाने. त्याआधी तीन वर्षे, जून १९७० मध्ये, आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी नेमकी उलट भूमिका मांडली होती. माहिती तक्त्यांत ठेवावी. तक्ता म्हणजे ओळींचा संच. संचातील ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो. वाचणाऱ्याने काय हवे ते सांगावे, कोणत्या वाटेने जायचे ते यंत्र पाहील.

ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी आयबीएमने १९७४ च्या सुमारास ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याच वर्षी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आज एसक्यूएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. परंतु एक अडचण उभी राहिली. समजा, भोसरीच्या एखाद्या कारखान्यात ‘या महिन्यात रात्रपाळी केलेले सर्व कामगार’ असे विचारले, तर उत्तर म्हणून दोनशे ओळी एकदम येतात. पगारपत्रक तयार करणारा प्रोग्रॅम मात्र पीएल-वन किंवा कोबोलसारख्या जुन्या भाषेत लिहिलेला. त्याला एका वेळी एकच माणूस हाताळता येतो. संच बोलणारी भाषा आणि ओळ वाचणारी भाषा यांच्यामध्ये दुभाष्या हवा होता. तो दुभाष्या म्हणजे कर्सर.

त्याचे काम चार पायऱ्यांचे आहे. ‘डिक्लेअर’ म्हणजे प्रश्नाला नाव देणे, ‘ओपन’ म्हणजे तो प्रश्न विचारून पहिल्या ओळीच्या अलीकडे उभे राहणे, ‘फेच’ म्हणजे एकेक ओळ उचलणे, आणि ‘क्लोज’ म्हणजे उठून जाणे. ओळी संपल्या की १०० हा सांकेतिक आकडा हाती येतो आणि प्रोग्रॅम थांबतो. ज्या ओळीवर कर्सर उभा आहे तीच ओळ बदलण्याची वा पुसण्याची सोयही त्यात आहे. १९८६ च्या एसक्यूएल प्रमाणकात कर्सरला स्थान मिळाले. १९९२ च्या प्रमाणकात मागेपुढे सरकणारा कर्सर आला, आणि वाचन चालू असताना इतरांनी केलेले बदल न पाहणाराही आला. थोडक्यात, कॉड यांनी पुढच्या दाराने बाहेर काढलेला नावाडी मागच्या दाराने आत आला. जे काम एका संचवाचक विधानात होते ते कर्सरने करू नये, असे जाणकार आजही सांगतात. पण कर्सर गेलेला नाही.

हा वाद सॅन होजेच्या प्रयोगशाळेतला आणि परका वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचे महसुली दप्तर पाहिले की तो आपल्याच अंगणातला वाटू लागतो. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत आली. आजचा सातबारा म्हणजे गाव नमुना सात, जो जमिनीवरील हक्क सांगतो, आणि गाव नमुना बारा, जो पिके सांगतो. हक्कात बदल झाला की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला जातो. सातबाऱ्यावर नव्या नावाशेजारी त्या फेरफाराचा क्रमांक येतो आणि जुन्या नावाला कंस होतो. क्रमांकावरून फेरफार, फेरफारावरून त्याआधीचे नाव, असे मागे जाणारे वाचन बाखमन यांच्या नावाड्याचेच वाचन आहे.

या पट्ट्यात असे कंस फार आहेत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पुढे उद्योग खेड तालुक्यात चाकणकडे सरकले. २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. प्रत्येक टप्प्यावर शेते संपादित झाली. संपादित गटाच्या सातबाऱ्यावर शेतकऱ्याच्या नावाला कंस होतो आणि धारक म्हणून महामंडळाचे नाव लागते.

आता १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आहे. ही सोय मोठी आहे, हे निःसंशय. पण नोंदी तक्त्यांत बसल्या की प्रश्नाचे महत्त्व वाढते. ‘आज धारक कोण?’ एवढेच विचारले तर उत्तराच्या संचात कंसातली नावे येणार नाहीत. त्या संचावर कर्सर कितीही सावकाश, ओळ न् ओळ फिरवला, तरी ती नावे भेटणार नाहीत. कर्सर निवड करीत नाही. निवड ‘ओपन’च्या क्षणी झालेली असते. ओळीओळीने वाचणे म्हणजे बारकाईने वाचणे, या समजुतीतला धोका येथे आहे.

साहित्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धोका नवा नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. हजारो रुमालांतून केलेली ही निवड नसती तर अनेक पिढ्यांना ते दप्तर उघडताच आले नसते. मात्र त्या खंडांतले एकेक पत्र वाचणारा वाचक दप्तर वाचत नसतो. संपादकाने दप्तराला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाचत असतो. क्रमिक पुस्तके आणि प्रातिनिधिक संग्रह यांबद्दलही हेच म्हणता येईल.

याचा अर्थ ओळीचे वाचन सोडून द्यावे असा नाही. किती एकर गेले, हा संचाचा प्रश्न. त्याचे उत्तर बेरजेने मिळते. कोणाचे गेले, हा ओळीचा प्रश्न. तेथे एका नावापाशी थांबावे लागते. औद्योगिक पट्ट्याचा इतिहास आजवर बहुधा पहिल्या प्रश्नाने लिहिला गेला: कारखाने किती, रोजगार किती, उत्पादन किती. दुसरा प्रश्न विचारण्याची सामग्री याच जिल्ह्यात, फेरफारांच्या नोंदवह्यांत आहे. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच गावचा एक गट क्रमांक घेऊन, कंसातल्या नावांसह, पहिल्या फेरफारापर्यंत मागे जावे. शंभराचा आकडा हाती पडला, तर ओळी संपल्या असे म्हणण्यापूर्वी आपण प्रश्न कोणता विचारला होता, ते त्याने एकदा तपासून पाहावे.