एका शब्दावर अडलेला कॉन्सल

ऑगस्ट १८५६. टाउनसेंड हॅरिस नावाचा अमेरिकन कॉन्सल जपानच्या शिमोदा बंदरात उतरला, तर तिथले अधिकारी त्याला ठेवून घ्यायलाच तयार नाहीत. कारण होतं ३१ मार्च १८५४ चा कानागावा करार. त्याचं अकरावं कलम इंग्रजी प्रतीत सांगत होतं, की अठरा महिन्यांनंतर दोघांपैकी कुठल्याही एका सरकारला गरज वाटली तर कॉन्सल नेमता येईल. जपानी प्रतीत ती गरज दोन्ही सरकारांना वाटायला हवी होती!

वाटाघाटी बऱ्याचशा डचमधून चालल्या होत्या. पेरीचं इंग्रजी त्याचा दुभाषी पोर्टमन डचमध्ये आणणार, तिथून जपानीत नेणार मोरियामा एइनोसुके. हा मोरियामा कच्चा गडी नव्हता. नागासाकीत कैदेत असलेल्या रॅनल्ड मॅकडोनाल्डकडून तो इंग्रजीही शिकला होता. पण परक्या सरकारचा कॉन्सल आपल्या बंदरात येऊन राहतो, ही गोष्टच जपानला नवी होती. हॅरिस शेवटी राहिला आणि १८५८ मध्ये त्याने व्यापारी करारही केला. त्याचा डच दुभाषी हेन्री ह्यूस्कन जानेवारी १८६१ मध्ये एदोत मारला गेला. दुभाष्याचं काम तेव्हा असं जिवावरचं होतं.

मला मात्र याच्या ऐंशीएक वर्षं आधीची गोष्ट जास्त आवडते. १७७१ मध्ये सुगिता गेनपाकू आणि माएनो र्‍योताकू या वैद्यांनी एका मृतदेहाचं विच्छेदन पाहिलं. हातात डच शरीरशास्त्राचं पुस्तक होतं, आणि त्यातली चित्रं समोरच्या देहाशी तंतोतंत जुळत होती. दुसऱ्याच दिवशी ते भाषांतराला बसले. डच जेमतेम, एकेका ओळीवर अख्खा दिवस जायचा. नागासाकीचे दुभाषे भाषेत त्यांच्यापेक्षा कितीतरी पुढे, पण शरीर बघायची नजर यांच्याकडे होती. १७७४ मध्ये पुस्तक छापून झालं. मज्जातंतूसाठी त्यांनी घडवलेला ‘शिन्केई’ हा शब्द जपानी डॉक्टर आजही वापरतात.

मी भूमचा. पुण्यात जपानी शिकलो आणि आता जपानी-इंग्रजी दुभाषी म्हणून सुटी कामं घेतो. फोन येतो, ‘एन-वन झालेला माणूस हवाय.’ आता त्या परीक्षेत बोलायचा पेपरच नसतो, हे किती जणांना ठाऊक असतं? मी विचारतो, ‘विषय काय?’ पलीकडून उत्तर येतं, ‘विषयाचं काय, भाषा आली की झालं.’

आमच्याकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. उद्या कुणी जपानी इंजिनिअर खव्याचं यंत्र घेऊन आला, तर ‘खवा कढई सोडायला लागला की आच कमी करा’ हे त्याला कोण सांगणार? शब्द सोपे आहेत, पण कढई ‘सोडणं’ म्हणजे नेमकं काय, ते भट्टीजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी यंत्राचं ड्रॉइंग आणि कारखान्यातले नेहमीचे शब्द चार दिवस आधी मागून घेतो. वेल्डिंग, साचे, इंजेक्शन मोल्डिंग यांची कामं घेतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेचं काम आलं, की सरळ दुसऱ्याचा नंबर देतो.