वरळीचा टॉवर आणि गिरणगावचं मत



निवडणूक आली की टीव्हीच्या बातम्या कुणाकडे झुकतात, यावरून आज घराघरात वाद होतात. पण हा प्रश्न आजचा नाही. त्याचा इतिहास समजून घ्यायला आपण परळ-लालबागमध्ये उभं राहिलो तरी पुरे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झालं. आसपास गिरण्या, चाळी, आणि वर टीव्हीचा टॉवर. तेव्हा वाहिनी एकच होती आणि तीही सरकारची. चाळीत एखाद्याकडे संच असला की संध्याकाळी त्याच्या दारात अख्खा मजला जमायचा.

पक्षपात म्हणजे खोटी बातमी, असं आपण समजतो. पण खोटं बोलण्याची वेळ क्वचितच येते. कुणाला दाखवायचं आणि कुणाला वगळायचं, एवढं ठरवलं की काम भागतं.

१९७७ चं उदाहरण घेऊ. आणीबाणीनंतरची निवडणूक जाहीर झाली होती. जगजीवन राम काँग्रेस सोडून बाहेर पडले होते आणि ६ फेब्रुवारीला, रविवारी, दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. त्याच संध्याकाळी दूरदर्शननं ‘बॉबी’ लावला. लोकांनी घरीच बसावं, हा हिशेब. तरी मैदान भरलं. पुढे मार्चमध्ये मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसनं गमावल्या. गिरगाव ज्यात येतं त्या दक्षिण मुंबईतून रतनसिंह राजदा निवडून आले. नव्या सरकारनं बी. जी. वर्गीज यांची समिती नेमली. आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या हातातून काढून स्वायत्त करा, असं समितीनं १९७८ मध्ये सांगितलं. तसा कायदा व्हायला १९९० उजाडलं, आणि प्रसार भारती प्रत्यक्षात आली ती १९९७ मध्ये!

म्हणजे टीव्हीचा परिणामच होत नाही? असं म्हणाल तर फसाल. आता १९८४ बघा. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. पुढचे काही दिवस पडद्यावर अंत्यदर्शन, अंत्ययात्रा आणि चितेजवळ उभे असलेले राजीव गांधी. दुःख खरं होतं, ते दाखवणंही योग्यच होतं. पण पडद्यावरचा शोकाकुल मुलगा हाच पंतप्रधान होता आणि पक्षाचा प्रमुख प्रचारकही. डिसेंबरमध्ये काँग्रेसला ४०० च्या वर जागा मिळाल्या. मुंबईतल्या सहापैकी पाच त्यांच्याच.

सहावी जागा होती दक्षिण-मध्य मुंबईची, म्हणजे गिरणगावची. तिथून डॉ. दत्ता सामंत निवडून आले.

असं का झालं? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले होते. त्याच वर्षी टीव्ही रंगीत झाला, आणि त्याच वर्षी या घरांतली चूल विझत चालली होती. संप म्हणजे काय, हे त्यांना पडद्यावरून कळायचं नव्हतं. गेट सभा होती, पत्रकं होती, शेजारच्या खोलीतला साथीदार होता. सामंतांच्या विजयाला इतर कारणंही असतील. पण बातमी पडताळून बघायची सोय ज्यांच्या दाराशी असते, त्यांच्यावर पडद्याची सत्ता कमी चालते, असं आम्हाला वाटतं.

पुढे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. १९९८ पासून निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली पक्षांना दूरदर्शनवर ठरावीक वेळ मिळू लागला. त्यानंतर खासगी मराठी बातमी वाहिन्या आल्या. आता मालक अनेक आहेत. पण बातम्यांत कुठल्या उमेदवाराला किती मिनिटं द्यायची, याचं माप कायद्यानं ठरवलेलं नाही.

आणि इकडे गिरण्या गेल्या. गेटच राहिलं नाही, तर गेट सभा कुठली? पडताळणीची ती सोय संपली, हे आपलं खरं नुकसान.

म्हणून एक साधी गोष्ट करू या. पुढच्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची नावं कागदावर लिहू या आणि आठवडाभर बातम्या बघताना जो दिसेल त्याच्यापुढे खूण करू या. ज्यांच्यापुढे एकही खूण नसेल, ती नावं पुन्हा वाचू या. पक्षपाताचा पुरावा तिथे सापडेल.